डाव्या हाताचं माप

"भर दुपारी मेणबत्ती? कोण गेलं?"

माझी बायको पोलिक्सेनी कॉफीचं तबक घेऊन आतून आली ती दारातच थबकली. दुकानाच्या मेजावर मी चर्चमधली एक बारीक मेणबत्ती पेटवून उभी केली होती आणि लाम्ब्रोस तिच्यापुढे नाक टेकवून बसला होता.

"कोणी गेलं नाही. ह्याला हिरा बघायचाय," मी म्हणालो.

"हिरा खिडकीत बघतात."

"खिडकीत बघून झाला, वहिनी," लाम्ब्रोस म्हणाला. "पण ती काय सारखी खिडकीत उभी असते? मी तिला शुक्रवारी संध्याकाळी बघतो. चर्चमध्ये. तिथं मेणबत्त्याच असतात."

पोलिक्सेनीने तबक खाली ठेवलं आणि पदरी पडलेली कामं विसरून खुर्ची ओढली.

मी तीन पुड्या उघडल्या होत्या. दोन हिरे नव्या घडणीचे, यंत्रावर पैलू पाडलेले, नितळ. तिसरा जुना. एका म्हातारीच्या कानातल्या जोडीपैकी एक हरवलं, उरलेलं तिने मला विकलं, त्यातला. त्याचे पैलू मोठे, हाताने पाडलेले. धड पूर्ण गोलही नव्हता आणि अंगात किंचित पिवळी झाक. खिडकीच्या उजेडात नव्या दोघांपुढे तो अगदी गावाकडचा पाहुणा दिसत होता. पण मेणबत्तीपुढे धरल्यावर नवे नुसतेच लुकलुकले, आणि हा सावकाश उजळला, मंदावला, पुन्हा उजळला.

"हा," लाम्ब्रोस म्हणाला.

"डाग आहे त्यात. हे भिंग घे, बघ."

त्याने भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हा डाग तिला दिसेल?"

"भिंगाशिवाय नाही दिसायचा."

"तिच्याकडे भिंग नाही," तो म्हणाला आणि भिंग परत दिलं.

"ती, ती, ती," पोलिक्सेनी म्हणाली. "ती म्हणजे कोण ते सांगणार आहेस, की तेही भिंगातून बघायचं?"

लाम्ब्रोसचे कान लाल झाले. सत्तावन्न वर्षांच्या माणसाचे कान इतके लाल होऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. "बेटावरची," तो म्हणाला. "पाव करते ती."

"अरेती?"

त्याने मान डोलावली.

आमच्या यानिना गावाला तळं आहे आणि तळ्यात बेट. किल्ल्याच्या धक्क्यावरून बेटावर बोट जाते, त्या बोटीवर लाम्ब्रोस एकतीस वर्षं तिकिटं फाडतो. दहा मिनिटं जायचं, दहा मिनिटं यायचं. हिशेब केला तर हा माणूस दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला असेल, पण यानिनाबाहेर त्याने एक रात्र काढलेली नाही. आधी दोन बहिणी होत्या. आमच्याकडे बहिणी उजवल्याशिवाय भावाने बोहल्यावर चढू नये, अशी जुनी रीत. धाकटीचं जमेस्तोवर हा चाळिशीला आला. मग आईचं खुब्याचं हाड मोडलं. तिला त्याने सोळा वर्षं उचलून बसवलं, उचलून निजवलं. ती गेली त्याला फेब्रुवारीत वर्ष झालं. वर्षश्राद्धाचे गोड उकडलेले गहू आम्हीच चर्चच्या दारात वाटले.

आणि चर्चमध्ये तो माझ्या शेजारी उभा असतो. मी गातो, तो सूर धरतो. आमच्या गाण्यात वाद्य नसतं. एकाने खालचा सूर धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने त्यावर चालायचं. उपवासाच्या दिवसांत फादर कोस्मास प्रवचन गाऊन सांगतात. गाऊन सांगितलेलं प्रवचन म्हणजे माझा जीव की प्राण. अंगात ताप असला तरी मी जातो. कथा रंगते, फादर लाजराच्या थडग्यापाशी येऊन थांबतात, डोळे मिटून श्वास घेतात, आणि त्या वेळी चर्चमध्ये एकच आवाज उरतो, तो लाम्ब्रोसचा. शब्द नाही, चढ नाही, उतार नाही. लोकांना वाटतं, काय शांतता आहे. ती शांतता हा माणूस छातीत धरून उभा असतो.

अरेती नवरा असताना आमच्याच गल्लीत राहायची. स्तेर्गिओस मालट्रक चालवायचा. बारा वर्षांपूर्वी तो गेला, मग ती बेटावर आईच्या घरी राहायला गेली, पण वेदीवर ठेवायचा पाव अजून आमच्या चर्चसाठी तीच करते. दर शनिवारी टोपली घेऊन बोटीने येते, उपवासाच्या दिवसांत शुक्रवारीही.

"ती तर चाललीय जर्मनीला," पोलिक्सेनी म्हणाली. "लेकीला बाळ झालंय. पुनरुत्थानाच्या सणानंतर दुसऱ्या सोमवारी निघणार. कायमची."

"माहितीय. मलाच सांगितलं तिनं. बोटीतून उतरताना."

"मग तू काय म्हणालास?"

लाम्ब्रोसने कॉफीत बघितलं. "म्हटलं, पायरी ओली आहे, सांभाळून."

पोलिक्सेनीने माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात बायको एवढं न बोलता एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

"म्हणून तर आलोय ना," लाम्ब्रोस म्हणाला. "मला बोलता येत नाही. अंगठी बोलेल."

धातूचं ठरवताना मी त्याला पांढरं सोनं दाखवलं. हल्ली सगळे तेच मागतात. त्याने विचारलं, "हे असंच राहतं?"

"वरचं पाणी उतरतं. दोनतीन वर्षांनी पुन्हा चढवावं लागतं. पिठात, पाण्यात हात असले तर आणखी लवकर."

"मग नको. तिला कुठला वेळ." त्याने पिवळ्या सोन्याचा तुकडा उचलला, ठेवला, त्याहून लालसर एक उचलला. "हा. तिच्या उजव्या हातात अंगठी आहे, स्तेर्गिओसची. तिचा रंग असाच आहे. दोघी जवळ आल्या तर भांडायला नकोत."

हिरा बसवायचा कसा, यावर मी जरा भाव खाल्ला. माझं नाव बेटावरसुद्धा आहे ते चार नख्यांत उंच धरलेल्या खड्यांसाठी. खालून उजेड खेळतो, खडा दुप्पट दिसतो. मी कागदावर काढून दाखवलं. लाम्ब्रोसने चित्रातल्या नख्यांवरून बोट फिरवलं.

"ह्याच्यात कणीक अडकेल."

"काढून ठेवेल ना मळताना."

"ती काढत नाही. जुनी तरी कधी काढलेली बघितली नाही." मग तो एकदम म्हणाला, "आणि थेमिस, तो पाव साधा नाही. त्याचा घास फादर तुझ्या जिभेवर ठेवतात. त्यात तुझी नखी निघाली तर?"

पोलिक्सेनी खो खो हसली. मी निमूटपणे कोंदण काढलं. सोन्याची बुटकी भिंत, हिरा तिच्यात गळ्यापर्यंत बुडालेला, वर हात फिरवला तर काही टोचणार नाही. काढून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की त्या जुन्या, अर्धवट गोल हिऱ्याला दुसरं काही शोभलंच नसतं. देव सुबुद्धी देतो तेव्हा ती बहुतेक गिऱ्हाइकाच्या तोंडून देतो.

राहिलं माप.

"तिची एखादी अंगठी मिळेल?"

"मिळेल कशी? काढत नाही म्हटलं ना." त्याने भिंतीवरचा मापाच्या कड्यांचा जुडगा बघितला. "तो दे इकडे."

त्याने डोळे मिटले आणि एकेक कडं चिमटीत धरून चाचपायला लागला. पोलिक्सेनी बोलणार होती, मी तिला हाताने थांबवलं. बारा वर्षं दर शनिवारी हा माणूस त्या बाईला हात धरून बोटीतून उतरवत आला होता. सातवं, आठवं, पुन्हा सातवं. मग एकावर थांबला आणि डोळे उघडले.

"हे."

"नक्की?"

"बोट माझ्या दोन बोटांत येतं रे. नक्की."

"कुठल्या हाताचं?"

"उजव्या. डाव्यात टोपली असते."

इथे माझी अक्कल आडवी आली. आमच्यात साखरपुड्याची अंगठी लग्नापर्यंत डाव्या हातात घालतात, लग्नात फादर ती उजव्यात घालतात. आणि पस्तीस वर्षांत मी हजारो बोटं मोजलीत. डावा हात उजव्याहून थोडा बारीकच असतो. मी लाम्ब्रोसला म्हटलं, "तू गाण्यात सूर सांभाळ, माप मी सांभाळतो," आणि त्याने निवडलेल्या मापातून एक माप कमी केलं.

लाजराच्या शनिवारी, सणाच्या आठ दिवस आधी, अंगठी तयार झाली. त्याने ती निळ्या डबीत घातली, डबी छातीवरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. ते बटण त्यानंतर अकरा दिवस उघडलं नाही. पवित्र आठवड्यात म्हणाला, दुःखाचे दिवस आहेत, बरं दिसत नाही. शुक्रवारी प्रभूच्या पार्थिवाची फुलांनी सजवलेली पालखी गल्लीतून निघाली तेव्हा अरेती दहा पावलांवर मेणबत्ती घेऊन चालत होती. मी सुरात सूर मिसळत त्याला कोपराने ढोसलं. त्याने सूर सोडला नाही. पुनरुत्थानाची रात्र झाली, लाल अंडी फुटली, कोकरं भाजली गेली. सोमवार गेला, मंगळवार गेला.

"अजून एक वर्ष थांब म्हणावं," पोलिक्सेनी म्हणाली. "तोवर तिचा नातू चालायला लागेल, तोच येऊन उत्तर देईल."

मी त्या रात्री देवमातेपुढे उभा राहून स्पष्टच बोललो. माझ्या बहिणीच्या लग्नासाठीसुद्धा मी एवढं मागितलं नव्हतं.

गुरुवारी, एक वाजायच्या सुमाराला, दुकानाचं दार उघडलं. अरेती आत आली. डाव्या हाताला तिने भांडी पुसायचं फडकं गुंडाळलं होतं.

"ख्रिस्त उठला आहे," ती म्हणाली. त्या आठवड्यात आमच्याकडे दुसरा नमस्कार नसतो, घराला आग लागली असली तरी.

"खरोखर उठला आहे," आम्ही दोघं म्हणालो.

"थेमिसदादा, हे तुमचं काम ना?" तिने फडकं सोडलं.

अंगठी बोटाच्या पेऱ्याखाली रुतून बसली होती आणि पेरं सुजून जांभळं झालं होतं. हिरा मात्र कोंदणात निवांत होता.

"काल उतरताना त्यानं माझ्या टोपलीत डबी टाकली," अरेती म्हणाली. "मी म्हटलं, काय आहे? तर म्हणतो, बोट सुटायचीय. आणि गेला. बोट घेऊन गेला बरं का, मी धक्क्यावर उभी. घरी जाऊन उघडली. बाईमाणूस आहे, दादा, घालून बघणारच. घातली ती रेटून घातली. मग निघेना. साबण झाला, तेल झालं. शेजारीण म्हणाली, प्रार्थना कर. म्हटलं, प्रार्थना करून बोट बारीक होत असतं तर मी कमरेपासून सुरुवात केली असती."

पोलिक्सेनी हसली आणि तिला बसवलं. मी रेशमी दोरा काढला, त्याचं एक टोक अंगठीखालून सरकवलं आणि दुसरं टोक पेऱ्यावर घट्ट गुंडाळायला लागलो.

"डावा हात बारीक असतो," मी पुटपुटलो. "नेहमी असतो."

"माझा नाही. मी डावरी आहे."

"तुम्ही? क्रूसाची खूण तर उजव्या हातानं करता."

"ती काय डाव्यानं करतात? लिहिते पण उजव्यानं. शाळेत बाईंनी पट्टी मारून मारून शिकवलं. कणकेला कोणी पट्टी मारली नाही. चाळीस वर्षं डाव्यानंच मळतेय." तिने दुसरा हात पुढे केला. "हा त्यामानानं बाईचा हात आहे. हा आहे गवंड्याचा."

लाम्ब्रोसने निवडलेलं माप त्याने धरलेल्या हातासाठी अचूक होतं. मी ते डाव्यासाठी कमी केलं होतं, आणि वाढवायला हवं होतं. हे मी तिला मोठ्याने सांगितलं, कारण उपवास सुटून आठवडाही झाला नव्हता आणि अजून खोटं बोलायची हिंमत होत नव्हती.

"मला राग मापाचा नाही," ती म्हणाली. दोरा उलगडत होता, अंगठी केसाकेसाने वर सरकत होती. "विचारलं काय त्यानं? काही नाही. आता येताना बोटीत फडकं बघितलं हाताला, तर तोंड असं केलं, जणू मी त्याची अंगठी बोटासकट परत करायला निघालेय. तरी विचारलं नाही. तिकीट फाडलं नि दिलं. दर शुक्रवारी ऐकते मी त्याला, आऽ म्हणून एकच धरतो. त्याच्यात मी कुठला शब्द ऐकायचा? सोमवारी मला जायचंय."

"तो आहे कुठे?" पोलिक्सेनीने विचारलं.

"बाहेर. कधीचा समोरच्या खिडकीत चांदीचे चमचे बघतोय."

पोलिक्सेनी उठली, दार उघडलं आणि गल्लीत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "चमचे नकोत तुला. आत ये."

तो आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याच क्षणी अंगठी सुटली. ती माझ्या तळहातावर होती, आणि अरेतीच्या बोटावर लाल कडं उमटलं होतं.

"मोठी करता येईल," मी म्हणालो. "कापून मध्ये सोनं घालावं लागेल. त्याआधी हिरा काढावा लागेल, आच लागली तर तडकायचा. आज संध्याकाळ होईल."

"कशाला एवढं?" अरेती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण नजर खाली होती. "त्यानं माप उजव्याचं दिलं होतं ना? मग तेवढीच वाढवा, उजव्यातच घालू. ही जुनी कापून टाका. आठ वर्षं झाली, निघत नाही ती. करवत असेलच तुमच्याकडे."

तिने उजवा हात मेजावर ठेवला. मी करवत उचलली नाही. असं काम मी केलेलं आहे, बोट सुजलं म्हणून, दवाखान्यातून पाठवलं म्हणून. हे तसं नव्हतं.

"नको," लाम्ब्रोस म्हणाला.

आम्ही वळून पाहिलं.

"कापू नका ती. स्तेर्गिओसची आहे." तो एक पाऊल पुढे आला. "बारा वर्षं मी तोच हात धरलाय. ती अंगठी मला कधी लागली नाही. ती तिथंच राहू दे. मला डाव्या हातात जागा असली तरी पुरे."

"आणि लग्नात फादर उजव्यात घालतील तेव्हा?" पोलिक्सेनीने विचारलं. तिला अशा वेळीही हिशेब पुरा करायचा असतो.

"तेव्हा ती परत माझ्या पहिल्या मापाची करा. शेजारी राहील."

मग त्याच्या लक्षात आलं की लग्न हा शब्द होऊन गेला आहे आणि त्याला उत्तरही दिलं गेलं आहे, पण ते भलत्याच बाईला. तो अरेतीकडे वळला. घसा खाकरला. प्रवचनाला उभं राहताना फादर खाकरतात तसा.

"अरेतीबाई, तुम्ही जर्मनीला जा. लेकीचं बाळ आहे, जायलाच हवं. पण..." तो थांबला. श्वास घेतला. या वेळी खालचा सूर धरायला कोणी नव्हतं. खरीखुरी शांतता होती. "पण परत या. माझ्या घरी या. हे मी गेल्या वर्षीच म्हणायला हवं होतं. त्याच्याही आधी."

अरेतीने उजवा हात मेजावरून उचलून मांडीत घेतला. डाव्या हाताने तिने ती जुनी अंगठी थोडी फिरवली, जेवढी फिरते तेवढी.

"पडदेसुद्धा देऊन टाकले मी," ती म्हणाली. "शेगडी दिली. मांजर दिलं."

"माझ्याकडे पडदे आहेत."

"बघितलेत तुझ्याकडचे पडदे. तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाला आले होते." तिने नाक ओढलं आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे पाहिलं. "मी एकेरी तिकीट काढलंय. परतीचं नाही काढलं. तू तिकीटवाला ना? मग ते तू काढ. चाळीस दिवसांनंतरचं."

पोलिक्सेनीने क्रूसाची खूण केली. मी हिरा उचकटायचं हत्यार शोधायच्या निमित्ताने मेजाखाली वाकलो आणि तिथेच जरा वेळ राहिलो.

पुढचं काम सावकाशीचं होतं. कोंदणाची भिंत मी बारीक टोकाने उकलली, हिरा काढून पांढऱ्या कापडावर ठेवला. कडं कापलं, पसरवलं, तांदळाच्या दाण्याएवढा लालसर सोन्याचा तुकडा घडवायला घेतला. ती दोघं खिडकीखालच्या बाकावर बसली होती. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. पोलिक्सेनीने त्या जागेत सणाच्या गोड पावाची ताटली ठेवली.

दोन वाजता धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला. लाम्ब्रोस उठला. एकतीस वर्षांची सवय, ती गुडघ्यांतूनच उठते. भोंगा पुन्हा वाजला, जरा लांब, कोणाला तरी हाक मारल्यासारखा. अरेतीने ताटलीतला पावाचा तुकडा मोडला आणि खायला लागली.

तो तिथे उभा राहिला. मग हळूच खाली बसला. डोक्यावरची कामाची टोपी काढली, कुठे ठेवावी ते न कळून गुडघ्यावर ठेवली. कपाळावर टोपीच्या काठाची रेघ होती. रेघेखाली तळ्यावरच्या उन्हाने रापलेला चेहरा, रेघेवर लहान मुलासारखी गोरी कातडी. कामाच्या वेळी त्याला बोडका मी कधी पाहिलाच नव्हता.

अरेती त्या कपाळाकडे पाहत राहिली.

"थेमिसदादा," ती म्हणाली, "घाई करू नका. सावकाश होऊ दे."

तिसऱ्यांदा भोंगा वाजला नाही. तळ्यावरून यंत्राचा धडधडाट आला, बेटाच्या दिशेने लांब गेला. मी फुंकणी उचलली आणि ज्योत बारीक केली.